काटा लालात गेला, आता काय करू?

गाड्यांच्या तक्रारींची या वेळची पत्रं वाचताना एक गोष्ट लगेच लक्षात आली, निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ एकच आहे, उष्णता. कुणाचं इंजिन तापलं, कुणाचा ब्रेक तापून मऊ पडला, तर कुणाची डिझेल गाडी पुरेशी तापतच नाही म्हणून दिवा लागतोय. ही पत्रं आधी घेतलीत, बाकीच्यांना मध्ये थोडक्यात उत्तरं दिलीत आणि शेवटचं पत्र एका विद्यार्थ्याचं आहे, ते मुद्दाम शेवटी ठेवलंय.

प्रश्न : सर, मागच्या महिन्यात घाट चढताना टेम्परेचरचा काटा एकदम लालात गेला. एसी चालू, गाडीत पाच माणसं आणि वर सामान. बाजूला थांबवली, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरचं झाकण फिरवणार तेवढ्यात मागून एक ट्रक ड्रायव्हर ओरडला, "हात लावू नका!" मग बराच वेळ थांबून पाणी घातलं आणि कशीबशी गाडी घरी आणली. तो का ओरडला आणि माझं काय चुकलं?

उत्तर : त्या ड्रायव्हरदादांनी तुमचा चेहरा वाचवला हे आधी समजून घ्या. इंजिन गार ठेवणाऱ्या कुलंटची सगळी वाट बंद असते आणि झाकण तिच्यात साधारण एक बार जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी-कुलंटचं मिश्रण १०० डिग्रीला उकळत नाही, सव्वाशेच्या आसपास जाईपर्यंत ते पातळच राहतं. झाकण सैल केलं की दाब जातो, आणि जे पाणी १०० च्या वर तापून गप्प बसलेलं असतं त्याची एका क्षणात वाफ होते. मी शिकाऊ होतो तेव्हा माझ्यासमोर एकाने असंच झाकण उघडलं. पहिल्या वळशाला नुसतं फुस्स झालं, दुसऱ्याला झाकण हातातून उडालं आणि हिरवट पाणी बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर आपटून थेट त्याच्या मनगटावर आलं. पुढे कित्येक महिने त्याला त्या हाताला घड्याळ बांधता आलं नाही. म्हणून सांगतो, वरचा होज पाईप उघड्या हाताने आरामात दाबता येईल इतका गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, मग एक तास लागो.

आता तुमचं काय चुकलं. थांबलात हे बरोबरच केलंत, पण काटा नेहमीच्या जागेवरून हलायला लागला तेव्हाच एसी बंद करून हीटर फुल करायला हवा होता. ऐकायला विचित्र वाटतं, एवढ्या उकाड्यात हीटर, पण हीटरच्या आत एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनची थोडी उष्णता तो गाडीत आणून ओततो आणि तेवढ्याने कधीकधी घाटमाथा गाठता येतो. आणि याच वेळी गाडी तुम्हाला एक खूण पण देते. काटा वर आणि हीटरमधून गार वारा येत असेल तर समजायचं की कुलंट संपलंय किंवा पंप ते फिरवत नाहीये, मग एक किलोमीटर पण पुढे जायचं नाही, तिथेच इंजिन बंद. हीटरमधून कडक गरम वारा येतोय तर निदान कुलंट फिरतंय. काटा लालात गेला किंवा लाल दिवा लागला की मात्र हे सगळं विसरा, सुरक्षित जागी थांबा आणि चावी बंद करा.

दुसरं म्हणजे तुम्ही पाणी घातलंत म्हणता, ते इंजिन पुरतं निवल्यावरच घातलं असणार अशी आशा करतो. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर धातू एकीकडे आकसतो, एकीकडे फुगलेलाच राहतो आणि हेड (सिलिंडरवरचं धातूचं झाकण) वाकतं किंवा त्याला तडा जातो. हल्लीची हेड अॅल्युमिनियमची असतात, ती लोखंडापेक्षा लवकर वाकतात.

आणि एक विनंती, गाडी आता नीट चालतेय म्हणून विषय सोडू नका. पाणी कुठे गेलं हे शोधून काढा. पाईपला किंवा रेडिएटरला गळती आहे का, फॅन लागतो का (बऱ्याचदा नुसता रिले गेलेला असतो), थर्मोस्टॅट (कुलंटची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) बंद अवस्थेत अडकलाय का, रेडिएटरच्या जाळीत माती नि किडे भरलेत का. कुठेच गळती दिसत नाही, तरी पातळी कमी होतेय, सकाळी सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय आणि इंजिन चालू असताना कुलंटच्या टाकीत बुडबुडे उठतायत, तर हेडखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, गेलं असं जवळपास धरून चाला. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ तपकिरी साय दिसली तर लोक घाबरतात, ती एकटी दिसली तर घाबरू नका, फक्त छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दमटपणामुळे पण ती जमते. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) तसंच दुधाळ दिसलं तर मात्र गाडी चालू पण करू नका.

साधं पाणी घालून घरी आणलंत ते ठीक, पण ते तसंच ठेवू नका. कुलंट नुसतं उकळणं टाळत नाही, ते आतला धातू गंजण्यापासून वाचवतं. आणि रंग बघून कुलंट भरू नका, रंग कंपनी आपल्या मनाने टाकते, हिरवं म्हणजे अमुकच असा काही नियम नाही. मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच.

प्रश्न : आमचे बाबा रोज सकाळी गाडी चालू करून दहा मिनिटं तशीच उभी ठेवतात, "गरम होऊ दे" म्हणतात. खरंच गरज असते का?

उत्तर : बाबांची सवय हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातली आहे आणि त्या काळी ती बरोबर होती, चोक ओढून इंजिन जरा तापलं नाही तर गाडी पुढच्या वळणावर बंद पडायची. कॉम्प्युटर मोजून पेट्रोल सोडतो अशा इंजेक्शनच्या गाडीला त्याची गरज नाही. उलट थंड इंजिनला कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो, त्यातलं काही जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन खाली ऑइलमध्ये जाऊन मिसळतं, आणि उभ्या गाडीत इंजिन इतकं हळू तापतं की हा प्रकार दहा मिनिटं चालूच राहतो. चालू करा, बेल्ट लावा, आरसे बघा, तेवढ्यात ऑइलचा दाब सगळीकडे पोचलेला असतो. मग निघा, फक्त पहिले पाच-सात किलोमीटर हळुवार, रेव्ह न वाढवता. कुलंटचा काटा मधे आला म्हणजे ऑइल तापलं असं नसतं बरं का, ऑइलला त्याच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

ऑइलवरून आठवलं, बऱ्याच जणांनी विचारलंय की ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे काय. तो विंटरचा डब्ल्यू. पहिला आकडा जेवढा लहान तेवढं ऑइल थंडीत पटकन वाहतं, नंतरचा आकडा ऑइल १०० डिग्रीला तापल्यावर किती दाट राहतं ते सांगतो. गाडी जुनी झाली म्हणून आपल्या मनाने दाट ऑइल घालू नका.

प्रश्न : दादा, डिझेल गाडी घेऊन दोन वर्षं झाली, घर ते ऑफिस चार किलोमीटर. डीपीएफचा दिवा सारखा लागतो, सर्व्हिसवाले साफ करून देतात, महिन्याभरात परत लागतो. गाडीच खराब निघाली का?

उत्तर : गाडी खराब नाही, गाडी आणि तुमचा रोजचा रस्ता यांचं जमत नाहीये. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी धरून ठेवणारी गाळणी. ती भरली की गाडी स्वतःच थोडं जादा डिझेल सोडून गाळणीचं तापमान ६०० डिग्रीच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. याला सलग वेळ लागतो, पंधरा-वीस मिनिटं गाडी एका वेगाने धावायला हवी. तुमचं ऑफिस चार किलोमीटरवर, म्हणजे गाडीने जाळायला सुरुवात करायची आणि तुम्ही चावी काढायची, असं रोज.

यात दुसरं नुकसान लपलेलं असतं ते जास्त वाईट. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक वेळी ते जादा डिझेल थोडंथोडं खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक काढून बघा, ऑइल कमी होण्याऐवजी वाढलंय आणि हाताला पातळ लागतंय, डिझेलचा वास येतोय असं असेल तर ऑइल आधी बदला, ते ऑइल आता इंजिनला वाचवत नाहीये. बदलताना डीपीएफसाठी सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच घाला कारण काजळी जळते पण राख जळत नाही, ती गाळणीत कायमची बसते.

आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास चालवा, एक गिअर खालचा ठेवून, इंजिन दोन हजारांच्या वर फिरू दे. हे जमण्यासारखं नसेल तर मनापासून सांगतो, या वापराला डिझेल गाडी योग्य नाही, पुढची गाडी पेट्रोल हायब्रिड नाहीतर इलेक्ट्रिक बघा. गाळणी कापून काढून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, ती काजळी मग मागच्या गाडीतल्या, फुटपाथवरच्या लहान मुलांच्या छातीत जाते.

प्रश्न : परवा लांब उतार उतरताना ब्रेक पेडल हळूहळू खाली जायला लागलं, शेवटी जवळजवळ फ्लोअरला टेकलं. कशीतरी थांबवली. वीस मिनिटांनी बघतो तर पेडल पुन्हा ठणठणीत! मेकॅनिकने बघितलं, पॅड चांगले आहेत म्हणाला, काही झालेलं नाही म्हणाला. मला रात्री झोप लागत नाही.

उत्तर : झोप लागत नाही हे अगदी साहजिक आहे आणि "काही झालेलं नाही" या उत्तरावर समाधान मानू नका. जवळजवळ नक्की तुमचं ब्रेक ऑइल उकळलं होतं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, बंद टाकीत असलं तरी रबरी पाईपांतून, झाकणातून थोडंथोडं पाणी त्यात मुरतच राहतं. डॉट ४ या प्रकारचं नवं ऑइल किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच हद्द १५५ वर येते. डॉट ३ चं तर २०५ वरून १४० वर. उतारावर पाय सतत ब्रेकवर असला की गाडीचं सगळं वजन खाली येताना जी ऊर्जा सुटते तिची उष्णता होऊन ती डिस्कमध्ये जाते, डिस्कमधून पॅडला, पॅडमधून कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनला आणि तिथून ऑइलला. ऑइल दाबलं जात नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ मात्र दाबली जाते. तुमचा पाय वाफ दाबत होता. गार झाल्यावर वाफेचं परत पाणी झालं आणि पेडल कडक झालं, म्हणून मेकॅनिकला काहीच सापडलं नाही. पॅड तापून घसरतात तो प्रकार वेगळा, तेव्हा पेडल कडकच राहतं पण गाडी थांबत नाही. तुमचं पेडल खाली गेलं, त्यावरूनच मी ऑइल म्हणतोय.

आजच सगळं ब्रेक ऑइल बदलून घ्या, वरचं टाकीतलं काढून भरून नाही, चारही चाकांतून ब्लीड करून, म्हणजे जुनं ऑइल नि हवा पूर्ण बाहेर काढून. सीलबंद नवी बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा, उघडी पडलेली बाटली म्हणजे पाणी प्यायलेलं ऑइल. इथून पुढे दर दोन वर्षांनी, मग गाडी किती का कमी चाललेली असेना, कारण पाणी किलोमीटर मोजून मुरत नाही. बदलताना मास्टर सिलिंडर, होज, कॅलिपर कुठे ओले नाहीत ना हे पण बघायला सांगा.

आणि उतरताना, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच्या जवळपासच्या गिअरमध्ये उतरायचं. इंजिनला गाडी धरू दे. ऑटोमॅटिकमध्ये एल, बी किंवा मॅन्युअल मोड त्यासाठीच दिलेला असतो. ब्रेक लावायचा तो थोडा वेळ पण ठाम लावायचा, वेग उतरला की सोडून द्यायचा, म्हणजे डिस्कला वारा लागतो. पाय नुसता ठेवून घासत राहायचं नाही. परत कधी पेडल खाली गेलंच तर भराभर पंप करा, गिअर एकेक खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, एकदम खेचला तर मागची चाकं जाम होतात.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी यातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. डोंगरावर मुक्कामाला गेलात, रात्रभर चार्ज करून बॅटरी १०० टक्के भरली आणि सकाळी उतरायला निघालात तर रीजन (मोटरने वीज परत बॅटरीत भरत गाडी धरणं) जवळपास मिळत नाही, भरलेल्या बॅटरीत वीज ठेवायला जागाच नसते. रोज पाय उचलल्यावर जी गाडी आपोआप धरते ती त्या दिवशी धरणार नाही. उतरायचं असेल तर चार्जिंग ८०-८५ ला थांबवा.

प्रश्न : माझी गाडी मीच चालवते, मीच गॅरेजला नेते. चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून दाखवायला गेले तर गॅरेजवाले म्हणाले मिस्टरांना फोन लावून द्या. मग ऑक्सिजन सेन्सर बदलला, आठ दिवसांत दिवा परत. मग दुसरा सेन्सर. परत दिवा. आता मला स्वतःला शिकायचंय, कुठून सुरुवात करू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं आणि शेवटची ओळ वाचून फार बरं वाटलं. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईने केलाय. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या, शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, वायर घासत होती तिला मोज्याच्या पट्ट्याने गुंडाळलं, इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं, ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं, आणि इंजिन थंड ठेवायला वाटेत पाणी भरत गेल्या. कार्ल बेन्झ यांनी गाडीचं पेटंट १८८६ ला घेतलं होतं, पण ती गाडी रोजच्या वापरात टिकते हे जगाला दाखवलं ते बर्थांनी. त्यामुळे मिस्टरांना फोन लावायचं काहीच कारण नाही.

आता दिवा. सतत पेटलेला पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवा. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर होतोय, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन तिथे जळतंय आणि आतली जाळी वितळू शकते, अशा वेळी गाडी पळवायची नाही, जमेल तितक्या लवकर थांबवायची. लाल रंगाचा ऑइलच्या झारीचा दिवा या सगळ्याहून वेगळा, तो लागला की रस्त्याच्या कडेला घेऊन लगेच इंजिन बंद, घर जवळ आलंय म्हणून पण चालवायचं नाही.

स्कॅनरवर जो कोड येतो तो पार्टचं नाव नसतो, ती तक्रार असते. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या कागदावर पी०१७१ लिहिलंय. त्याचा अर्थ इंजिनमध्ये हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय, एवढाच. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, तुमच्याकडे हवा जास्त होतेय. ऑक्सिजन सेन्सरने ती तक्रार सांगितली म्हणून त्यालाच दोनदा बदललं! आधी व्हॅक्यूमच्या पाईपला कुठे चीर आहे का, इनटेकचं गॅस्केट हवा खातंय का, हवा मोजणारा सेन्सर मळलाय का, पेट्रोलचा दाब कमी आहे का, हे बघायला सांगा. इंजिन चालू असताना सुंss असा बारीक आवाज कुठून येतो का कान देऊन ऐका, चिरलेला पाईप बऱ्याचदा असाच सापडतो, फक्त पंखा आणि बेल्टपासून ओढणी, केस, हात लांब ठेवा.

सुरुवात इथून करा. दर दोन रविवारी गार इंजिनवर बॉनेट उघडायचं, ऑइल, कुलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी बघायची आणि एका वहीत तारखेसकट लिहायची. टायरची हवा पण थंड टायरलाच बघायची. तीन महिन्यांनी ती वही घेऊन गॅरेजला गेलात तर समोरच्याला तुमच्याशीच बोलावं लागेल.

प्रश्न : माझी इलेक्ट्रिक गाडी पंधरा दिवस उभी होती, बॅटरी ७० टक्के होती. परत आलो तर दारच उघडेना, काही चालूच होईना. ७० टक्के बॅटरी गेली कुठे?

उत्तर : कुठेच गेली नाही, ती तशीच आहे, तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता बंद झालाय. इलेक्ट्रिक गाडीत पण एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. दाराची लॉक, कॉम्प्युटर आणि मोठी बॅटरी जोडणारे कॉन्टॅक्टर हे सगळं तिच्यावर चालतं. ती बसली की मोठी बॅटरी जोडलीच जात नाही. चावीत लपवलेल्या साध्या किल्लीने दार उघडतं, मॅन्युअलमध्ये जागा दाखवलेली असते. ही बॅटरी शांत उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२ च्या खाली गेली तर रिकामी समजा. काही वर्षं झाली की तिची तपासणी करून घ्या, इलेक्ट्रिक गाडीत ती मरायच्या आधी सेल्फच्या आवाजाने सावध करत नाही. बाहेरून वीज देताना मॅन्युअलमधलीच पद्धत वापरा आणि नारिंगी वायरींना अजिबात हात लावू नका.

थोडक्यात उत्तरं.

चाक बदलल्यानंतर स्टिअरिंग थरथरतंय असं लिहिणाऱ्या काकांना : आधी चाकाचे नट तपासा, आत्ता, हे वाचून झाल्याझाल्या. चाक काढून लावल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट एकदा टॉर्क पान्याने परत बघावेच लागतात, ते बसतात आणि सैल होतात. नट ठीक असले तर मग बॅलन्सिंग.

टायर "नवाच दिसतोय" म्हणणाऱ्यांना : टायरच्या बाजूला DOT ही इंग्रजी अक्षरं लिहिलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही खोल असू दे, रबर म्हातारं होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. बाजूला बारीक भेगा दिसायला लागल्या की बदला.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने मायलेज कमी झालं का, असं पाच जणांनी विचारलंय : हो, थोडं होतं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे २० टक्के मिसळलं तर ऊर्जा सहा-सात टक्के कमी. इथेनॉलचा ऑक्टेन (दाबाने वेळेआधी न पेटण्याची ताकद) जास्त असल्यामुळे त्यासाठी ट्यून केलेलं इंजिन त्यातलं काही भरून काढतं. जुन्या गाडीत रबरी पाईप आणि सील दर सर्व्हिसला बघून घ्या आणि अशा पेट्रोलवर गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका, इथेनॉलही पाणी ओढतं.

शेवटचं पत्र.

प्रश्न : सर, मी ऑटोमोबाइल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरचे म्हणतात इंजिन आता संपलं, सगळं इलेक्ट्रिक होणार, मग हे शिकून काय उपयोग? खरंच इंजिन संपणार का? हायड्रोजनचं काय?

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं. घरच्यांची काळजी खोटी नाही पण चित्र त्यांना वाटतं तेवढं सरळ पण नाही.

आधी मागे बघ. १८९९ च्या एप्रिलमध्ये ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडणारी मोटार इलेक्ट्रिक होती, कामिय झेनात्सी नावाचा बेल्जियन माणूस ती चालवत होता. तेव्हा लोकांना वाटत होतं की पेट्रोल इंजिनला भविष्य नाही, हँडल मारून चालू करायला लागायचं, हँडल उलटं फिरून मनगटं मोडायची. मग चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा सेल्फ स्टार्टर बनवला, १९१२ ला तो कॅडिलॅकमध्ये आला आणि पारडं फिरलं. म्हणजे कुठलं इंजिन टिकणार हे नुसत्या इंजिनवर ठरत नाही, त्याच्या बाजूच्या एखाद्या छोट्या वस्तूवर पण ठरतं.

निकोलाउस ऑटो यांचं फोर स्ट्रोक इंजिन १८७६ चं. तेव्हापासून आजपर्यंत इंजिनिअर एकाच गोष्टीशी झुंजतायत, इंधनातली बरीचशी ऊर्जा चाकाला न जाता उष्णता होऊन सायलेन्सर आणि रेडिएटरमधून निघून जाते. आजची सगळ्यात चांगली पेट्रोल इंजिनं त्यांच्या सर्वोत्तम वेगाला ४० टक्क्यांच्या आसपास पोचली, शहरात थांबत-थांबत चालवलं तर त्याच्या निम्म्यावर येतात. ती वाया जाणारी उष्णता थोडी जरी वाचवता आली तरी जिंकलो, या ध्यासातून किती सुंदर कामं झालीत बघ. जेम्स अॅटकिन्सन यांची १८८० च्या दशकातली कल्पना, वायूला दाबण्यापेक्षा जास्त फुलू द्यायचं, ती शंभर वर्षं पडून होती कारण त्यात ताकद कमी मिळायची. १९९७ ला टोयोटाची हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि मोटर दोन्ही असलेली, प्रियस आली, ताकदीची उणीव मोटरने भरून काढली आणि ती जुनी कल्पना व्हॉल्व्हच्या टायमिंगमधून जिवंत झाली. निसानने चालता-चालता कॉम्प्रेशन (आतली हवा किती पट दाबायची ते) ८ वरून १४ पर्यंत बदलणारं इंजिन रस्त्यावर आणलं. माझदाने २०१९ मध्ये पेट्रोल जवळपास डिझेलसारखं दाबाने पेटवणारं इंजिन विकायला काढलं, ठिणगी फक्त इशारा द्यायला.

हायड्रोजनचे दोन रस्ते आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. एक फ्युएल सेल, त्यात काही जळत नाही, हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून वीज आणि पाणी होतं, टोयोटाची मिराई २०१४ पासून असं चालते. दुसरा रस्ता म्हणजे नेहमीच्या इंजिनातच हायड्रोजन जाळायचा, टोयोटानेच २०२१ मध्ये अशी कोरोला २४ तासांच्या शर्यतीत उतरवली. यात कार्बनचा धूर जवळजवळ नसतो, पण ज्वाला इतकी तापते की हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळून नायट्रोजनचे ऑक्साइड होतात, म्हणजे उष्णतेने इथेही पाठ सोडली नाही. आणि हायड्रोजन साठवायला ७०० बार दाबाच्या टाक्या लागतात. माझं मत विचारशील तर छोट्या घरगुती गाडीला हायड्रोजन पटत नाही, वीज वापरून हायड्रोजन करायचा, दाबायचा, न्यायचा आणि परत वीज करायची, यात इतकं वाया जातं की तीच वीज सरळ बॅटरीत घातली तर गाडी कितीतरी लांब जाते. दिवसभर ओझं घेऊन धावणाऱ्या मोठ्या ट्रकला, रस्त्याबाहेरच्या अवजड यंत्रांना तो उपयोगी पडू शकतो. वीज वापरून बनवलेल्या कृत्रिम पेट्रोलचंही तसंच, रोजच्या गाडीला ते फार महागडं ओझं आहे, पण रस्त्यावर आत्ता असलेली कोट्यवधी इंजिनं उद्या सकाळी गायब होणार नाहीत, त्यांना सांभाळणारी माणसं लागतीलच.

आणि रोजच्या गाडीत इलेक्ट्रिक पुढे जाणार हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण तू इलेक्ट्रिक गाडीचं पोट उघडून बघितलंस का कधी? आत कुलंट आहे, पंप आहे, व्हॉल्व्ह आहेत, रेडिएटर आहे. बॅटरीला साधारण तेच हवामान सोसतं जे माणसाला सोसतं, शून्याच्या खाली फास्ट चार्ज केली तर आत लिथियमचा थर साचून ती खराब होते, फार तापली तर आयुष्य घटतं, आणि फास्ट चार्जिंग करताना ती स्वतःच तापत असते. त्यामुळे कुलंट कधी बॅटरीकडे, कधी मोटरकडे, कधी केबिनकडे वळवायचं हे तिथलं अवघड काम आहे. जो मुलगा थर्मोस्टॅट का अडकला हे पंधरा मिनिटांत शोधतो, त्याला हे काम परकं नाही. फक्त सोबत हाय व्होल्टेजचं सुरक्षिततेचं प्रशिक्षण घे, मल्टिमीटर आणि सर्किटचे नकाशे वाचायला शीक, आणि प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत त्या बॅटरीचं झाकण उघडू नकोस, ती बंद असतानाही भरलेलीच असते.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कापून ठेवलेलं एखादं इंजिन असेलच. उद्या त्याच्यापाशी जा, पिस्टनकडे बघू नकोस, सिलिंडरच्या भोवतीच्या पाण्याच्या वाटा बोटाने शोध, पंपापासून निघ आणि परत पंपापाशी ये. मग त्याच कागदावर शेजारी एखाद्या इलेक्ट्रिक गाडीच्या कुलंटची वाट काढ, तिची आकृती सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळते. दोन्ही चित्रं मला पाठव, कुठे अडलास तिथे पेन्सिलीने गोल कर, पुढच्या अंकात तिथूनच बोलू.